बॅग भरलेली ठेवा: देशोदेशी फिरणाऱ्या फुटबॉल कोचसाठी कामाची माहिती

फिरत्या कोचचं घोडं दोन ठिकाणी अडतं: पहिल्या महिन्यात आणि शेवटच्या पगाराला. मधलं फुटबॉल बहुतेकांना येत असतं. म्हणून या लेखात डावपेचांपेक्षा कागद, करार आणि नव्या संघातले पहिले तीस दिवस यांवर जास्त जागा दिली आहे.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव सर्बियाच्या बोरा मिलुटिनोविच यांचं. १९८६ ते २००२ या काळात सलग पाच वर्ल्ड कप त्यांनी पाच वेगळ्या देशांबरोबर केले: मेक्सिको, कोस्टा रिका, अमेरिका, नायजेरिया आणि चीन. त्यातले पहिले चार बाद फेरीत पोचले. दुसरं नाव ब्राझीलच्या कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांचं. १९९४ मध्ये ब्राझीलला जगज्जेतं करणारा हा माणूस १९९८ च्या वर्ल्ड कपला सौदी अरेबियाबरोबर होता आणि दोन सामने हरल्यावर स्पर्धा चालू असतानाच त्याला काढलं. नोकरी टिकणार नाही हे धरूनच या धंद्यात उतरायचं असतं. कोल्हापुरात, मुंबईत किंवा मडगावात डी लायसन्स काढून बसलेल्या तरुण कोचने पुढे काय करायचं, ते आता क्रमाने पाहू.

लायसन्स आणि लॉगबुक

भारतात पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) डी, मग एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघ) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. महाराष्ट्रात डीचे कोर्स विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) घेते, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) मुख्य कोच व्हायचं तर प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन्स लागतं. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचा पुरावा मागतात आणि बरेच जण तिथेच अडकतात. तीन वर्षं क्लबमध्ये काम केलेलं असतं, पण कागदावर काहीच नसतं. डी मिळाल्याच्या दिवसापासून वही घाला: तारीख, वयोगट, हजर खेळाडू, सत्राचा विषय, मैदानाचं माप, किती मिनिटं, काय चुकलं. हंगाम संपला की क्लबच्या लेटरहेडवर पदाचं नाव आणि कालावधी लिहून घ्या. दोन वर्षांनी तो सचिव बदललेला असतो आणि नव्याला तुम्ही कोण हेच माहीत नसतं.

आशियात युएफाचं (युरोपचा फुटबॉल महासंघ) प्रो सहसा चालतं, उलट दिशेला मात्र तसं नाही. एएफसी ए घेऊन युरोपात गेलात तर तिथलं फेडरेशन ते आपोआप मान्य करत नाही. जिथे जायचं त्या देशाच्या फेडरेशनला आधी लिहून विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. इंग्लंडमध्ये तर व्हिसासाठीच तिथल्या एफएची (फुटबॉल असोसिएशन) लेखी शिफारस लागते. लायसन्सला मुदत असते आणि ती वाढवायला ठराविक तासांचं प्रशिक्षण करावं लागतं. परदेशात असताना ही तारीख हमखास विसरते, आणि नेमकी नव्या नोकरीच्या वेळी आठवते.

पहिली नोकरी

मुख्य कोच म्हणून थेट परदेशात कोणी बोलावत नाही. सहायक कोच, गोलकीपर कोच, व्हिडिओ विश्लेषक किंवा अकादमी कोच या दारांनी आत जावं लागतं. दुबई, दोहा, मस्कत इथल्या मुलांच्या खासगी अकादम्यांमध्ये भारतीय कोच कामाला आहेत. पगार बेताचा असतो आणि संध्याकाळी पाच ते नऊ असं पायांवर उभं राहणं असतं, पण परदेशी अनुभव म्हणून तो मोजला जातो.

देशातल्या देशात फिरणंही कमी शिकवत नाही. खालिद जमील यांनी मुंबई एफसीमध्ये बरीच वर्षं तुटपुंज्या साधनांवर संघ टिकवून धरला, मग ते मिझोरमला ऐझॉलकडे गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकले. पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट, जमशेदपूर असा प्रवास झाला आणि २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य कोच झाले. ऐझॉलला जाताना मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या संघात आले, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपली पद्धत आधीच माहीत असलेले दोन खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये असले की समजावण्याचं निम्मं काम तेच करतात. पाच आणू नका. मग बाकीच्यांना तो तुमचा कंपू वाटतो.

अर्जाबरोबर एका पानाचा बायोडेटा आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरे. व्हिडिओत गोल नकोत, तुम्ही सराव घेताना हवे आहात: सूचना देताना, खेळ थांबवून चूक दाखवताना, पुन्हा सुरू करताना. आवाज नीट ऐकू यायला हवा, त्यामुळे कॉलरला माइक लावा. नोकरी देणाऱ्याला तुमचा गळा आणि तुमचा संयम, दोन्ही बघायचे असतात.

करार

इथे सावकाश वाचा. फिफाच्या खेळाडू हस्तांतरणाच्या नियमावलीत १ जानेवारी २०२१ पासून कोचच्या नोकरीसाठी वेगळं परिशिष्ट आहे. करार लेखी हवा. त्यात दोन्ही पक्ष कोण, काम काय, हक्क आणि जबाबदाऱ्या, पगार, मुदत आणि सह्या एवढं असायलाच हवं. "व्हिसा मिळाला तर करार लागू" किंवा "अमुक लायसन्स असेल तरच लागू" अशी अट त्या नियमांत बसत नाही. ती तपासणी क्लबने सही करण्याआधी करायची असते. तरीही अशी वाक्यं करारात सर्रास सापडतात. दिसली की काढायला सांगा.

पगाराच्या कलमात "निव्वळ" हा शब्द आहे का ते आधी बघा. आकडा करापूर्वीचा असेल तर हातात काय पडेल ते त्या देशाच्या हिशेबनिसाकडून लिहून घ्या. चलन कुठलं, दर महिन्याच्या कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, हेही हवं. घर, गाडी, वर्षाला किती विमानतिकिटं, वैद्यकीय विमा, मुलांची शाळा हे तोंडी ठरवू नका. "घर क्लब देईल" या शब्दांत हॉटेलची एक खोलीही बसते. बोनस कशाचा आणि किती दिवसांत, तेही लिहा. नुसतं "संघ वरच्या श्रेणीत टिकला तर" असं लिहिलं आणि तुम्हाला शेवटच्या तीन सामन्यांआधी काढलं, तर बोनसवरून भांडण ठरलेलं. तिथे "कोच पदावर असेपर्यंत मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात" असं वाक्य घाला.

सगळ्यात महागात पडतं ते काढून टाकण्याचं कलम. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर क्लबने विनाकारण काढल्यावर उरलेल्या मुदतीचा पगार ही भरपाई धरतात. मधल्या काळात नवी नोकरी लागली तर तिचा पगार त्यातून वजा होतो. क्लबना हे माहीत असतं, म्हणून ते "दोन महिन्यांचा पगार देऊन करार संपवता येईल" असं वाक्य घालतात. सही केलीत की मग तेच लागू. दोन वर्षांचा करार म्हणून आनंद होतो, पण खरी मुदत दोन महिन्यांचीच असते. निदान सहा महिन्यांवर अडून बसा.

उलट बाजूला, म्हणजे कोच ठेवणाऱ्यांनाही, याचा चटका बसतो. भारतीय संघाचे तेव्हाचे मुख्य कोच इगोर स्टिमाच यांचा करार २०२३ मध्ये वाढवून २०२६ पर्यंत नेला गेला आणि जून २०२४ मध्ये भारत वर्ल्ड कप पात्रतेच्या पुढच्या फेरीत पोचला नाही म्हणून त्यांना काढलं. त्यांनी उरलेल्या पैशांसाठी फिफाकडे जाण्याचा इशारा दिला आणि शेवटी फेडरेशनला तडजोड करून पैसे मोजावे लागले.

आता पगार थकला तर. नियम असा: दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत द्यायची. त्यातही पैसे आले नाहीत तर करार मोडायला तुमच्याकडे सबळ कारण झालं. अशा वेळी उरलेल्या कराराच्या भरपाईवर आणखी तीन महिन्यांचा पगार मागता येतो. पत्रात थकलेले महिने एकेक करून, प्रत्येकाची रक्कम, कराराचं कलम, बँक खातं आणि पंधराव्या दिवसाची तारीख लिहा. करारात दिलेल्या ईमेलवर पाठवा आणि कुरिअरनेही पाठवा, पावती जपा. इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर "सर, पेमेंटचं काय झालं?" असं विचारून तीच नोटीस समजणं. दुसरी, चौदाव्या दिवशी रागाने विमान पकडणं; मग करार तुम्ही मोडला असं ठरतं. तिसरी, जाताना क्लबने पुढे केलेल्या "सर्व येणं मिळालं" या कागदावर न वाचता सही करणं. तो कागद बहुधा तिथल्या भाषेत असतो आणि गाडी खाली उभी असते.

तक्रार फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे जाते, पण तुमचं नागरिकत्व आणि क्लबचा देश वेगळे असतील तरच. भारतीय कोच आणि भारतीय क्लब यांचा वाद एआयएफएफच्या समितीसमोर चालतो. प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावं लागतं. निकाल मान्य नसेल तर लोझानच्या क्रीडा लवादाकडे अपिलाला एकवीस दिवस मिळतात आणि तिथला खर्च मोठा असतो. म्हणून करारातलं वाद कुठे सोडवायचा ते कलम नक्की वाचा. "स्थानिक न्यायालय" लिहिलं असेल तर परक्या भाषेत, परक्या शहरात चकरा मारायची तयारी ठेवा.

एजंट नेमलात तर तो फिफाच्या परवान्याचा आहे का ते तपासा आणि त्याच्याशीही लेखी करार करा. फिफाच्या नियमांत असा करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. पाच वर्षांचा कागद समोर आला तर त्या माणसाला नियम माहीत नाहीत, किंवा तुम्हाला माहीत नाहीत असं तो धरून चालला आहे.

निघण्यापूर्वी

पदवीच्या आणि लायसन्सच्या प्रमाणपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का) लागतं. युएई आणि कतारसाठी अपॉस्टिल चालत नाही, त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो आणि त्याला जास्त दिवस जातात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. मुलांबरोबर काम असेल तर तो मागतातच. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस हवी. तिचं प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून ऐन आदल्या दिवशी टोचून घेण्यात अर्थ नाही. परत येतानाही ते पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचं प्रमाणपत्र, जवळ ठेवा, नाहीतर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. कराच्या बाबतीत एक आकडा पाठ करा: नोकरीसाठी बाहेर गेलेला भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर तो अनिवासी ठरतो. हे दिवस दर एप्रिल ते मार्च नव्याने मोजतात. पासपोर्टवरचे शिक्के फोटो काढून ठेवा.

बॅगेत दोन शिट्ट्या, स्टॉपवॉच, हवा मोजायचा गेज, पंप आणि निदान सहा सुया. सुया तुटतात आणि छोट्या गावात मिळत नाहीत. पंधरा मीटरचा टेप, चपटे कोन पन्नास, दोन रंगांचे बिब (संघ ओळखायला शर्टावर घालायची बनियनं) बारा-बारा. हे सगळं क्लबमध्ये असतंच असं धरलेले कोच पहिला सराव शर्ट उलटे घालून घेतात.

पहिले तीस दिवस

कोस्टा रिकाची सूत्रं मिलुटिनोविच यांच्या हाती आली तेव्हा १९९० चा वर्ल्ड कप जेमतेम काही आठवड्यांवर होता. एवढ्या वेळात नवी पद्धत शिकवता येत नाही. निवड करता येते, बचाव घट्ट करता येतो आणि खेळाडूंच्या डोक्यातली भीती काढता येते. त्यांनी नावाजलेले काही जण घरी ठेवले आणि जोर बचावावर दिला. स्कॉटलंडला १-०, स्वीडनला २-१ हरवलं, ब्राझीलशी फक्त एका गोलने हरले. ब्राझीलविरुद्धचा तो सामना ट्युरिनमध्ये होता आणि कोस्टा रिका तिथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत उतरलं, म्हणजे थेट ज्युव्हेंटसचे रंग. स्थानिक प्रेक्षक आपल्या बाजूला ओढण्याची युक्ती फुकटात झाली. बाद फेरीत मात्र भरवशाचा गोलकीपर गाबेलो कोनेखो दुखापतीमुळे नव्हता आणि चेकोस्लोव्हाकियाच्या टोमाश स्कुहराव्हीने तीन गोल डोक्याने मारले. निकाल १-४. दुसऱ्या गोलकीपरला उंच चेंडूंचा सराव पहिल्याच आठवड्यापासून द्यायचा, तो यासाठी.

नव्या ठिकाणी कोणाला भेटायचं? अध्यक्ष तुम्हाला बोलावणारच. त्याआधी किटमॅन, मसाज करणारा आणि मैदान सांभाळणारा या तिघांबरोबर चहा घ्या. कोण उशिरा येतो, कोणाचा गुडघा लपवलेला आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्यांना कोचपेक्षा आधी कळतं. तक्रारी काढून घेऊ नका, फक्त सवयी विचारा.

मग टेप काढा. नियमाने मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, म्हणजे दोन "फुल साइझ" मैदानांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. सरावाचं मैदान ५८ मीटर रुंद आणि सामन्याचं ६८ असेल, तर सरावात शिकवलेलं विंगरचं (कडेने खेळणारा आक्रमक) अंतर सामन्यात पाच मीटरने चुकतं आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) उघडा पडतो. सामन्याच्या मापाप्रमाणे कोन लावून घ्या, जागा नसेल तर अर्ध्या मैदानावर खरी रुंदी ठेवा. चेंडू मोजा: किमान दोन खेळाडूंत एक. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवा ०.६ ते १.१ वातावरण दाब, इतकी नियमाची मुभा आहे. सगळ्या चेंडूंत एकसारखी हवा असणं जास्त महत्त्वाचं. दुपारच्या उन्हात पडलेले चेंडू फुगतात, संध्याकाळी गार झाले की मऊ पडतात, म्हणून सरावाच्या वीस मिनिटं आधी गेज लावा.

मागचे पाच सामने पूर्ण बघा, गोलांच्या क्लिप नव्हे. पहिल्या फेरीत फक्त आपला संघ चेंडू गमावल्यावर पुढची पाच सेकंद काय करतो ते बघा. दुसऱ्या फेरीत कॉर्नर आणि फ्री किक. नव्या कोचला सर्वांत लवकर गुण मिळवून देतात ते हे थांबलेले चेंडू, कारण ते चार दिवसांत शिकवता येतात.

पहिल्या आठवड्यातली ठरलेली चूक म्हणजे दरारा दाखवायला संघाला पळवून पळवून मारणं. दहा दिवसांत तीन जण मांडीचा मागचा स्नायू धरून बाहेर बसतात. आधीच्या कोचकडे ते आठवड्याला किती काम करत होते हे फिजिओकडून विचारा, तिथून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडंथोडं वाढवा. दरारा वेळेवर सुरू करून वेळेवर संपवण्यानेही बसतो.

निकाल लगेच येतीलच असं नाही. गुस हिडिंक २००१ मध्ये दक्षिण कोरियाला आले. त्याच वर्षी संघ फ्रान्सकडून ५-० आणि चेक प्रजासत्ताकाकडूनही ५-० हरला. तिथल्या वृत्तपत्रांनी त्यांचं नावच "पाच-शून्य" ठेवलं. पुढच्या वर्षी तोच संघ वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत होता. हिडिंकनी मैदानाबाहेरही एक गोष्ट बदलली: वयाने लहान खेळाडू मोठ्यांशी आदरार्थी बोलत, जेवायला वेगळ्या टेबलावर बसत, आणि मैदानातही मोठ्याला ओरडून सांगायला कचरत. त्यांनी टेबलं एकत्र केली आणि मैदानात फक्त नावाने हाक मारायला लावली. आपल्याकडे "दादा, मागे बघा" म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असतो, तेव्हा हे समजायला आपल्याला कोरियाला जायला नको. पण असा बदल पहिल्याच दिवशी करू नका. आधी संघातल्या दोन ज्येष्ठांना बाजूला घेऊन विचारा, आणि घोषणा त्यांच्याच तोंडून होऊ द्या.

दुभाष्या

दुभाष्या क्लबने दिला असेल तर तो अध्यक्षांनाही सगळं सांगतो असं धरून बोला. पहिल्या सरावाआधी त्याला अर्धा तास घेऊन बसा आणि वीस-पंचवीस शब्द पक्के करा: दाब टाका, मागे या, पाठ फिरव, पाठीमागे माणूस आहे, वेळ आहे, एकच टच, जागा बदला. त्या भाषेतले तेवढे शब्द तुम्हीही पाठ करा. स्पॅनिश मैदानावर "सोलो" म्हणजे एकटा आहेस, घाई नको. "एस्पाल्दा" म्हणजे पाठीमागे कोणी आहे. अरबी बोलणाऱ्यांत त्यासाठी "वराक" म्हणतात. हे शब्द दुभाष्याकडून जाईपर्यंत उपयोग संपतो, ते तुमच्याच तोंडून यायला हवेत.

बाकी सूचना दोन छोट्या वाक्यांत द्या आणि थांबा. पाच मिनिटांचं भाषण दुभाष्याकडून एका वाक्यात बाहेर आलं, तर मधली चार मिनिटं त्याने गाळली आहेत. खात्री करायची साधी पद्धत: एखाद्या खेळाडूला फळ्यावर बोलावून त्याच्याकडून चाल दाखवून घ्या. मध्यंतरात तीनपेक्षा जास्त मुद्दे नकोत. दुभाष्यामुळे बोलण्याचा वेळ दुप्पट होतो आणि पंधरा मिनिटांतली पहिली पाच पाणी आणि बुटांच्या नाड्यांतच जातात.

आठवडा कसा लावायचा

रविवारी सामना आणि पुढच्या रविवारी सामना असेल तर सोमवारी खेळलेल्यांना हलकं, न खेळलेल्यांना पूर्ण सराव. मंगळवारी सुट्टी. बुधवारी छोट्या मैदानावरचा जोराचा खेळ, गुरुवारी मोठ्या मैदानावर अकरा विरुद्ध अकरा, शुक्रवारी कमी वेळ पण पूर्ण वेगाने धावणं, शनिवारी चाळीस-पन्नास मिनिटं, तीही बहुतेक कॉर्नर-फ्री किकची.

बुधवारचं सत्र जवळून बघा. चार विरुद्ध चार आणि दोन गोलकीपर, मैदान ४० बाय ३० मीटर. तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, अशा सहा फेऱ्या. चारही बाजूंना आणि दोन्ही गोलांत जादा चेंडू ठेवा. बाहेर गेला की लगेच दुसरा आत, कॉर्नर नाहीत, थ्रो-इन नाहीत. चेंडू आणायला कोणी गेला की विश्रांती मिळते आणि सत्राचा जोर जातो. चौथ्या फेरीत खेळाडू चालायला लागले तर फेरी दोन मिनिटांवर आणा, "अजून एक" म्हणून लांबवू नका. जोर कमी झालेला खेळ म्हणजे नुसता घाम. थांबवून समजावणं विश्रांतीच्या दोन मिनिटांतच उरका.

आखातात किंवा इंडोनेशिया-मलेशियात रमजान आला की वेळापत्रक उलटं करा. सराव इफ्तारनंतर दोन-अडीच तासांनी, लांबी साठ-सत्तर मिनिटं, आणि सकाळची बैठक रद्द, कारण झोप तुकड्यातुकड्यांत होते. उपास कोण करतो हे सर्वांसमोर विचारू नका.

उंचीवर गेलात तर गणित वेगळं. बोलिव्हियातल्या ला पाझचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने चेंडूला अडवणारा दाब कमी, म्हणून लांबचा फटका गोलकीपरच्या अंदाजापेक्षा लवकर पोचतो आणि कमी वळतो. बाहेरून येणाऱ्या संघाने एकतर सामन्याच्या काही तास आधी पोचावं किंवा दोन आठवडे आधी. दोन-तीन दिवस आधी जाणं सर्वांत वाईट, कारण तेव्हाच डोकेदुखी आणि झोपमोड ऐन भरात असते. तिथेच काम मिळालं तर हीच गोष्ट तुमचं हत्यार होते. बास्क कोच शाबिएर अस्कारगोर्ता यांच्या बोलिव्हियाने २५ जुलै १९९३ ला ला पाझमध्ये ब्राझीलला २-० हरवलं. वर्ल्ड कप पात्रता फेरीतला ब्राझीलचा तो पहिला पराभव, आणि पुढे बोलिव्हिया १९९४ च्या वर्ल्ड कपला गेलं. आपल्या कोचची जमेची बाजू पावसाळी मैदान: मुंबई-गोव्यात चिखलात काम केलेल्याला आग्नेय आशियातल्या साचलेल्या पाण्याचं भय वाटत नाही. तिथे जमिनीवरचा पास सोडून चेंडू उचलून द्यायचा, हे खेळाडूंना आदल्या दिवशीच सांगा.

जाताना

काढल्याची बातमी बहुधा संध्याकाळी कळते. लेखी पत्र मागा, त्यावर तारीख हवी. स्वतः राजीनामा देऊ नका, कितीही गोड बोलून सुचवलं तरी. राजीनाम्यावर भरपाई नसते. दोघांच्या संमतीने संपवायचं असेल तर रक्कम, तारीख आणि पैसे चुकले तर पुढे काय, हे त्याच कागदावर घ्या. सही पैसे आल्यावर नव्हे, तर पैशांची तारीख लिहून झाल्यावर करा. येणं पूर्ण मिळाल्याची पावती मात्र खात्यात आकडा दिसल्याशिवाय देऊ नका.

खेळाडूंना स्वतः सांगा, बातमी छापून येण्याआधी. दहा मिनिटं पुरेत, क्लबबद्दल एक शब्दही नको. त्यांच्यातलाच कोणीतरी तीन वर्षांनी दुसऱ्या क्लबच्या मालकाला तुमचं नाव सुचवतो. स्टीफन कॉन्स्टंटाइन २००५ मध्ये भारतीय संघाचं मुख्य कोचपद सोडून गेले आणि २०१५ मध्ये त्याच पदावर परत आले. मधल्या काळात मलावी, सुदान, रवांडा झालं होतं.

शेवटच्या आठवड्यात गोळा करायचे कागद: पद आणि कालावधीचं अनुभवपत्र, कर भरल्याचा दाखला, पगाराच्या सगळ्या पावत्या, सराव आणि सामन्यांचे स्वतःचे व्हिडिओ. क्लबचं ईमेल खातं त्याच रात्री बंद होतं, म्हणून करार आणि पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून खासगी ईमेलवर उतरवत राहा. घर भाड्याचं असेल तर डिपॉझिट कोणाच्या नावावर आहे ते करारात बघा. तुमच्या नावावर असेल तर चावी देताना मीटरच्या आकड्याचा आणि भिंतींचा फोटो काढा, घरमालकाची सही घ्या, आणि बँक खातं डिपॉझिट जमा होईपर्यंत बंद करू नका.